बाकांबाबत हरकती असल्यास

रूपराव सोनटक्के यांना दोन गोष्टींची मनापासून चीड होती. एक, वेळेवर न सुटणारी गाडी. दुसरी, चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसणारा माणूस. पहिलीपासून त्यांची सहा वर्षांपूर्वी सुटका झाली, कारण येष्टीच्या डेपोतून ते वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. दुसरीपासून सुटका नव्हती. सेंट बार्नबास चर्चच्या पंचकमिटीचे ते एकोणीस वर्षं सेक्रेटरी होते, आणि असल्या पदावरून माणूस आपणहून निवृत्त होऊ शकत नाही. त्याला मोकळं करायला दुसरा कोणी तयार व्हावा लागतो, आणि वर्ध्यात एवढा भोळा माणूस एकच होता.

हे चर्च पिपरी मेघेच्या रस्त्याला. इंग्रजाच्या काळात रेल्वेच्या साहेबलोकांनी आपल्यासाठी बांधलेलं. साहेब गेले. जाताना एक घंटा, विलायती पावसाच्या हिशेबाने काढलेलं उतरतं छप्पर आणि बावीस सागवानी बाकं मागे ठेवून गेले. त्या बाकांवर मग आपली माणसं बसू लागली आणि बघता बघता एकेका घराण्याचं एकेक बाक ठरून गेलं. कुठे लिहिलेलं नाही, पण सातबाऱ्यावर नाव चढावं तसं पक्कं. सोनटक्क्यांचं पाचवं, उजवीकडलं. पाखऱ्यांचं खिडकीजवळचं. जिजाबाई भालेरावांचं डावीकडून तिसरं. पुढे घरची पोरं नोकरीला नागपूर-पुण्याला गेली, कोणी कॅनडाला गेलं, कोणी देवाघरी गेलं, तरी बाक त्यांच्याच नावाने रिकामं राहिलं. उरलेली सतरा माणसं दर रविवारी आपापल्या बाकावर एकेकटी बसत, बोर्डाच्या परीक्षेला बसवतात तशी. नाताळला मात्र पाय ठेवायला जागा नसे. केक संपला की पुन्हा सतरा.

तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डायसिसचं, म्हणजे बिशपसाहेबांच्या कारभाराचं पत्र आलं. भाषा गोड होती. ज्या मंडळीची रविवारची सरासरी उपस्थिती जूनअखेर तीसच्या खाली राहील ती शेजारच्या मंडळीत विलीन करण्यात येईल. वर्धेकरांनी हिंगणघाटला जावं. इथे महिन्यातून एकदा उपासना होईल, एरवी चर्चला कुलूप. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी डायसिसच्या प्रतिनिधी समक्ष पाहणीला येतील.

रूपरावांनी पत्र तीनदा वाचलं. पाणी प्याले. त्यांचं लग्न ह्याच चर्चात लागलं होतं, आईबापाची अंत्ययात्रा ह्याच दारातून निघाली होती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना ह्यातलं काही आठवलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की कुलूप लावायला किल्ली लागते आणि किल्ली सेक्रेटरीकडे असते. उद्या लोक म्हणणार, साहेबांनी बांधलं आणि सोनटक्क्याने बंद केलं.

"नलू," ते बायकोला म्हणाले, "सहा महिन्यांत सतराचे तीस कराचे हायेत."

नलूबाई वांगी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी आधी शास्त्रपाठ वाचनं बंद करा. अर्धी मंडळी त्याच्यानंच पयाली."

हे फार लागलं. रूपराव शास्त्रपाठ वाचत तो त्यांच्या मते खणखणीत, मंडळीच्या मते डेपोतला. 'योहानकृत शुभवर्तमान, अध्याय तिसरा' असं त्यांनी म्हटलं की केळझर मार्गे नागपूरला जाणारी गाडी आता लागणार असं वाटून नवख्या माणसाचा हात पिशवीकडे जाई. पण चौतीस वर्षं ज्या आवाजाने रोहण्याच्या मुक्कामी गाडीचे उतारू गोळा केले तो आवाज देवाच्या कामी चालत नाही, हे घरच्या माणसाने सांगावं? त्या दिवशी त्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही.

सल्ला मात्र फुकट मिळतो आणि मागावाही लागत नाही. शेजारचे लहानूभाऊ शेतकरी माणूस, गावाबाहेर कपाशी-तुरीचं वावर आणि घरात भजनी मंडळाची पेटी. ते कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "रूपरावजी, मानूस देवाले येत नाई, पंगतीले येते. आमच्या मंडळाचं पाह्या न. टाळ वाजवाले चौघं, अन् बुंदी वाढली का चारशे. तुमी आलू-वांग्याची भाजी ठेवा, रांधाले मोठे गंज लागले तं मी देतो."

"आमच्यात तसं नसते, लहानूभाऊ."

"तुमच्यात भूक नसते काय?"

रूपरावांनी विषय तुरीच्या भावावर नेला.

आशेचा किरण म्हणजे नवे पाळकसाहेब. रेव्हरंड आदेश, वय एकतीस, मूळचे नगरकडचे, एका मोटारसायकलवर तीन चर्चं सांभाळणारे. पाठीला गिटार आणि हेल्मेटमध्ये प्रवचनाचा कागद. ते म्हणाले, "काका, काळ बदललाय. आपली उपासना शंभर वर्षं जुनी आहे. उभे राहा, बसा, उभे राहा, गुडघे टेका. तरुणांना कळत नाही कधी काय करायचं. आपण पडदा लावू, गाणी पडद्यावर, गिटारवर, पाऊण तासात सगळं."

रूपरावांना पाऊण तास हा शब्द आवडला. वेळापत्रकात बसणारा शब्द होता. त्यांनी तिथल्या तिथे उपासना-आधुनिकीकरण उपसमिती स्थापन केली. अध्यक्ष स्वतः, सदस्य पाळकसाहेब, आणि विरोध नको म्हणून जिजाबाई भालेराव.

ह्या जिजाबाई म्हणजे मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ, वय एक्याऐंशी. सगळं उपासनापुस्तक त्यांना तोंडपाठ. पाळक एखादी ओळ गाळून पुढे गेला तर त्या ती ओळ आपल्या बाकावरून, डोळे मिटलेले ठेवून, पूर्ण करून देत आणि मगच त्याला पुढे जाऊ देत. उपसमितीच्या पहिल्या बैठकीत त्या एकच वाक्य बोलल्या. "करा काय कराचं ते, मी तं मले येते तेच म्हनीन."

एका कोचिंग क्लासातून प्रोजेक्टर मागून आणला आणि वेदीच्या वरच्या अंगाला पांढरा पडदा टांगला. शनिवारी संध्याकाळी चाचणी झाली. अक्षरं अशी स्वच्छ, की नलूबाईंनीही "बरं दिसते" म्हटलं. रविवारी सकाळी साडेआठला उपासना सुरू झाली आणि पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. आता हे चर्च ज्या साहेबाने बांधलं त्याने शिरस्त्याप्रमाणे वेदी पूर्वेला ठेवली होती आणि तिच्यामागे ही मोठी खिडकी. शंभर वर्षं दर सकाळी ऊन त्या खिडकीतून आत येत आलं होतं. हे चाचणीच्या संध्याकाळी कोणाच्या लक्षात कसं येणार? मंडळी डोळ्यांवर हात धरून पडद्याकडे बघत उभी राहिली. गाणं एकट्या जिजाबाईंनी म्हटलं, पाचही कडवी.

पुढच्या रविवारी रूपरावांनी लहानूभाऊंकडून सोयाबीन झाकायची हिरवी ताडपत्री आणली आणि खिडकीवर बांधली. पडदा दिसू लागला. पण उजेड हिरवा झाला आणि मंडळीचे चेहरे असे दिसू लागले, की काविळीच्या वॉर्डात प्रार्थना चालली आहे. पाळकसाहेब प्रवचनात "प्रभूचा प्रकाश" इथपर्यंत आले आणि ताडपत्रीची वरची दोरी सुटली. ताडपत्री त्यांच्या डोक्यावर आली, तिच्यात उरलेलं सोयाबीनही आलं, आणि प्रकाश खरोखरच पडला. पाळकसाहेब आतून बोलत राहिले, हे त्यांचं मोठेपण. सोयाबीनच्या शेंगा मात्र नलूबाईंना आठवडाभर बाकांखाली सापडत होत्या, आणि एकेक सापडली की त्या ती आणून रूपरावांच्या ताटाशी ठेवत.

गिटारची गोष्ट वेगळी. पाळकसाहेब छान वाजवत, पण जलद. मंडळी पूर्वापार चालीवर, म्हणजे बैलगाडी चढावर असल्यासारखी गाणारी. पाळकसाहेब 'आमेन'ला पोचून गिटार खाली ठेवत तेव्हा मंडळी तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर असे, आणि जिजाबाई तिथेही घाई करू देत नसत. नियंत्रक म्हणून रूपरावांनी हात दाखवून दोघांची वेळ जुळवायचा प्रयत्न केला. एका हाताने पाळकांना थांबवायचे, दुसऱ्याने मंडळीला पुढे बोलवायचे. दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

मग पाळकसाहेबांना मोबाईलवरून थेट प्रक्षेपणाची कल्पना सुचली. "घराघरात उपासना पोचेल," ते म्हणाले. पोचली. पोचली म्हणून लोक घरीच राहिले. थंडीचे दिवस, कोणी गोधडीत बसून बघतो आहे, कोणी चहात गोरसपाक बिस्किट बुडवत. त्या रविवारी चर्चात अकरा जण होते. ज्या पाखऱ्यांच्या नत्थूजींनी पंधरा वर्षांत एकही रविवार चुकवला नव्हता त्यांनीसुद्धा त्या दिवशी घरून अंगठा पाठवला. रूपरावांनी असे सव्वीस अंगठे मोजले. अकरा आणि सव्वीस सदतीस, म्हणजे तीसच्या वर. त्यांनी तातडीने डायसिसला पत्र लिहून विचारलं, की अंगठे उपस्थितीत धरावेत का. चार दिवसांत उत्तर आलं: उपस्थिती म्हणजे समक्ष उपस्थिती.

समक्ष. हा शब्द रूपरावांच्या मनात रुतून बसला.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार दहा दिवसांवर आला. आकडा अकरावरून चौदावर आला होता, तोही प्रक्षेपण बंद केल्यामुळे. पाळकसाहेब रिकाम्या चर्चाकडे बघून म्हणाले, "काका, खरी अडचण बाकांची आहे. चौदा माणसं बावीस बाकांवर. डायसिसच्या मॅडम पाहणीला आल्या तर त्यांना रिकामं लाकूडच दिसणार. बाकं काढू, गोल खुर्च्या मांडू. चौदा माणसं गोलात बसली की भरल्यासारखी दिसतात."

रूपरावांनी आधी सौम्य उपाय करून पाहिला. त्यांनी जिजाबाईंना विनंती केली, की काकू, तुम्ही पहिल्या बाकावर आलात तर बाकीचेही येतील. जिजाबाई तिसऱ्या बाकाच्या कडेला बसल्या होत्या. शेजारी चार माणसांची जागा मोकळी. त्या म्हणाल्या, "मी समोर सरकलो तं हे कुठं बसतीन?" भालेराव मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली होती. रूपरावांनी मान डोलावली आणि त्या बाबतीत पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं.

बाकं काढायची तर रीतसर काढायला हवीत. बाकं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम सामानाच्या वहीत, नोंदलेली. तिथून हलवायची तर डायसिसची परवानगी, अर्ज तीन प्रतींत, प्रत्येक बाकाचा फोटो दोन बाजूंनी, आणि मंडळीची हरकत नाही असा ठराव. ठराव करायला मंडळी लागते. मंडळी नाही म्हणून तर बाकं काढायची. रूपरावांनी ह्या गाठीकडे दोन दिवस पाहिलं आणि मग चौतीस वर्षांच्या नोकरीत जे शिकले ते केलं. सूचना लावली. चर्चच्या मोबाईल ग्रुपवर, कारण फळ्यावर लावलेली वाचायला माणसंच नव्हती.

सूचना अशी होती: 'सर्व मंडळीस कळविण्यात येते की, सेंट बार्नबास चर्चमधील बाक क्रमांक एक ते बावीस जागेवरून हलविण्याचे योजिले आहे. तरी सदर बाकांबाबत कोणाची हरकत असल्यास त्यांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता समक्ष उपस्थित राहून आपली हरकत नोंदवावी. मागाहून आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही. हुकुमावरून, रू. या. सोनटक्के.'

येष्टीत ते अशा सूचना वर्षाला चाळीस काढत. थांबा हलवायचा, गाडी बंद करायची, हरकत असल्यास समक्ष यावं. चौतीस वर्षांत एकही माणूस आला नव्हता. सूचना हरकत घेण्यासाठी नसतेच मुळी, ती वाचून गप्प बसण्यासाठी असते, असा त्यांचा अनुभव. पण थांबा सगळ्यांचा असतो, म्हणून कोणाचाच नसतो. बाक हे भालेरावांचं, पाखऱ्यांचं, थोरातांचं असतं. हा फरक एवढ्या मुरलेल्या माणसाच्या ध्यानात आला नाही.

रविवारी सव्वाआठला रूपराव घंटा वाजवायला निघाले तर रस्त्यावर गाड्या. नागपूरच्या गाड्या, अमरावतीच्या, एक तर थेट पुण्याहून रात्रभर चालवत आलेली. लहानूभाऊ कुंपणावरून म्हणाले, "काऊन रूपरावजी, कोनी गेलं काय?"

आत पाऊल टाकलं तर सगळं चर्च भरलेलं. आणि नाताळसारखं कसंही भरलेलं नाही, शिस्तीत, ज्याच्या त्याच्या बाकावर. ज्यांना रूपरावांनी त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर पाहिलंच नव्हतं अशी माणसं लेकरंबाळं घेऊन बाक धरून बसली होती. थोरातांची चंद्रपूरची मुलगी नवऱ्याला सांगत होती, "हे पाह्य, हे माह्ये दात. इथं चावलतो मी." आणि नवरा वाकून बाकाच्या कडेवरचे दात बघत होता. पाखऱ्यांचे नत्थूजी आणि त्यांचे धाकटे भाऊ शालिकराम, बाप गेल्यापासून एकमेकांशी न बोललेले, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. उठला त्याचा हक्क गेला म्हणून दोघंही हलायला तयार नव्हते. ज्यांची बाकंच नव्हती अशांसाठी पाळकसाहेबांच्या गोल मांडायच्या खुर्च्या मागे सरळ रांगेत लागल्या होत्या.

रूपराव दिसताच कुजबुज थांबली. मग एक जण उभा राहिला. "कोन हाय तो बाकं इकनारा?"

"इकत नाई, हलवून राह्यलो," रूपराव म्हणाले.

"आमच्या आजानं ह्या बाकावर जीव सोडला."

"प्रवचनात," दुसऱ्याने माहिती पुरवली.

माणसं उठून वेदीकडे येऊ लागली. पन्नास तोंडं एकदम बोलू लागली. सेक्रेटरी कोण लागून गेला, ह्याला निवडून कोणी दिलं, ह्याच्या बापाने एकदा घंटेची दोरी तोडली होती, इथपर्यंत गोष्ट गेली. रूपरावांचे कान तापले. एकोणीस वर्षं ज्यांच्यापैकी एकानेही दिव्यात तेल आहे का म्हणून विचारलं नव्हतं, ते आज त्यांचा बाप काढत होते. त्यांना रडू आलं असतं, पण तेवढ्यात दारात पांढरा झगा घातलेल्या एक बाई उभ्या दिसल्या. डायसिसच्या प्रतिनिधी, रेव्हरंड दिपाली मॅडम. हातात वही. चेहऱ्यावर आनंद.

"सोनटक्के साहेब, पत्रात तर सतरा म्हणाला होतात तुम्ही."

पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखला आणि गिटारवर हात टाकला. वीज गेलेली होती, पडदा पांढराच राहिला, पूर्वेचं ऊन थेट सगळ्यांच्या तोंडावर. भांडणारी माणसं आपापल्या बाकावर परत गेली, कारण उपासना सुरू झाल्यावर उभं राहून भांडायची पद्धत नाही. जिजाबाईंनी डोळे मिटून चाल धरली, नेहमीची, चढावरची. पाळकसाहेब आज त्यांच्या मागोमाग निमूट गेले. आणि जी माणसं वीस वीस वर्षं आली नव्हती त्यांच्या तोंडून पडद्याशिवाय, पुस्तकाशिवाय, प्रतिसाद येऊ लागले. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, गुडघे कधी टेकायचे, सगळं जागच्या जागी. मध्येच एक पोक्त माणूस म्हणता म्हणता थांबला आणि रुमाल शोधू लागला. शास्त्रपाठ रूपरावांनी डेपोच्याच आवाजात वाचला, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला, आणि भरलेल्या चर्चाला तोच आवाज लागतो हे नलूबाईंनाही मान्य करावं लागलं. तोंडाने त्यांनी केलं नाही.

उपासना संपली. दिपाली मॅडमनी वहीत आकडा लिहिला: एकशे तेवीस. "अप्रतिम," त्या म्हणाल्या. "दर रविवारी साधारण असंच असतं का? तुम्ही हो म्हणालात तर मी आजच विलीनीकरणाचा विषय बंद करते."

फक्त 'हो' म्हणायचं होतं. पाळकसाहेब दोन्ही डोळ्यांनी हो म्हणत होते. चौतीस वर्षं रूपरावांनी तासभर उशिरा येणारी गाडी 'थोड्याच वेळात' येईल असं सांगितलं होतं आणि त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली. वेदी चार हातांवर होती आणि जिजाबाई बघत होत्या.

"नाई मॅडम," ते म्हणाले. "दर रविवारी सतरा. मागच्या येळेस चौदा होते. हे सारे बाकं वाचवाले आले. दुपारी जातीन."

मॅडमनी वही मिटली. त्यांना वाईट वाटलं हे स्पष्ट दिसत होतं. "मग आजचा आकडा मला धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "जूनअखेरची सरासरीच खरी. तीस दाखवा, मी स्वतः भांडेन तुमच्यासाठी."

मॅडम चहाला गेल्या आणि मंडळी पुन्हा वेदीपाशी गोळा झाली. आता राग ओसरला होता, घाई आली होती. "लिहून घ्या आमची हरकत अन् सोडा आमाले," शालिकराम पाखरे म्हणाले. "नागपूरले जाचं हाय."

रूपराव टेबलाशी बसले. कागद ओढला, पेन उघडलं. लिहून घेतलं तर ही माणसं जाणार, आणि पुन्हा दिसणार ती नाताळला, तेव्हा चर्चला कुलूप असणार. पेन कागदावर तसंच राहिलं. मग त्यांच्यातला वाहतूक नियंत्रक हळूहळू जागा झाला. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि फलाटावर उभं राहिल्यासारखे ते बोलू लागले.

"हरकती नोंदवून घेन्यात येत आहेत. परंतु नुसती हरकत नोंदवून बाक वाचत नसते. प्रत्येक बाकाची सुनावनी होईल. दर रविवारी एक बाक. एक बाक हललं का मागच्याले धक्का बसते, पुढच्याले बसते, म्हनून साऱ्या हरकतदारांनी प्रत्येक सुनावनीले समक्ष हजर राहावं लागन. पहिल्या प्रार्थनेपासून आशीर्वादापर्यंत. जो गैरहजर, त्याची हरकत रद्द समजन्यात येईल."

बावीस बाकं म्हणजे बावीस रविवार, हा हिशेब लोकांनी बोटांवर केला. जून उलटून जुलै लागत होता.

"हे कोन्या नियमात हाय?" नत्थूजींनी विचारलं.

"डेडस्टॉकच्या," रूपराव म्हणाले. डेडस्टॉकचे नियम आजवर कोणीच वाचले नव्हते.

"मी तं दर रविवारी येतो," नत्थूजी भावाकडे न बघता म्हणाले. "ज्याले जमत नसन त्यानं सोडून द्यावं."

"मले जमते," शालिकराम छताकडे बघत म्हणाले. पंधरा वर्षांतलं हे त्या दोघांचं पहिलं संभाषण.

पुण्याच्या माणसाने हरकत नागपूरच्या चुलतभावाच्या नावे करून दिली. थोरातांच्या मुलीने नवऱ्याला विचारलं, आणि नवरा म्हणाला, की दात तिचे आहेत, यावंच लागेल. चहा घेऊन परत आलेल्या दिपाली मॅडम दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. गर्दी थोडी हलल्यावर त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सोनटक्के साहेब, पण ही माणसं उपासनेला येणार की बाकाला?"

"मॅडम," रूपराव म्हणाले, "गाडीत मानूस कायले बसला, हे आमी कधी विचारलं नाई. बसला का नाई, एवढंच मोजत होतो."

मॅडमनी काही लिहिलं नाही. पण हसू लपवायला त्यांना वही तोंडापुढे धरावी लागली.

यादी पूर्ण व्हायला बारा वाजले. एकवीस बाकांना तारखा लागल्या. नलूबाईंनी न विचारता चहा आणून ठेवला आणि सोबत दोन गोरसपाक, म्हणजे घरातलं युद्ध संपल्याची खूण. सगळे गेल्यावर जिजाबाई काठी टेकत टेबलापाशी आल्या. त्यांची हरकत अजून नोंदलेली नव्हती.

"माही तारीख शेवटी टाकजो, रूपराव. साऱ्यात शेवटी."

"शेवटी म्हंजे जुलै, काकू. ऊन असन, पाऊस असन."

"असू दे. घाई नाई मले." त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. "अन् जुलैच्या मंग काय?"

रूपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. एक्याऐंशी वर्षांची म्हातारी, भरलेल्या चर्चाचं ऊन अजून चेहऱ्यावर. मग त्यांनी कागद पुन्हा समोर ओढला.

"जुलैच्या मंग अपील असते, काकू."

"मंग अपीलही टाकून ठेव आत्ताच," जिजाबाई म्हणाल्या.

रूपरावांनी त्यांच्या नावापुढे ते नीट अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि त्यांचा हात धरून पायऱ्यांपर्यंत पोचवायला निघाले.